सिंहापुढे काय घालून जावं?

शिकारीच्या सफारीवर निघालेल्या माणसाला पहिली धडकी सिंह भरवत नाही, पंधरा किलोंचा नियम भरवतो. टांझानिया, झांबिया, झिम्बाब्वे या देशांत शिकारीचे तळ भर जंगलात असतात. तिथवर पोचवायला एक चिमुकलं विमान असतं आणि ते विमानवाले माणशी साधारण पंधरा किलो सामान घेऊ देतात. तेही मऊ पिशवीत, कारण कडक सुटकेस विमानाच्या पोटात मावत नाही. त्यामुळे हत्तीवर नेम धरायला निघालेला शूर पुरुष आदल्या रात्री घरच्या वजनकाट्यावर पिशवी छातीशी धरून उभा असतो आणि एक पायमोज्यांचा जोड काढला तर काटा हलेल का, हे बायकोला विचारत असतो.

मी शिकारीला कधी जाणार नाही. बंदुकीशी माझा संबंध टिकल्यांच्या पिस्तुलापाशी सुरू झाला आणि तिथेच संपला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, केनियाने १९७७ मध्ये केली. पैसे मोजून दुसऱ्याच्या देशातला प्राणी मारून यावं आणि त्याचं मुंडकं दिवाणखान्यात लावावं, ही हौस मला कळत नाही. भिंतीवर खिळा ठोकायचा तर आमच्याकडे सोसायटीची परवानगी लागते. पण शिकारी कंपन्या आपल्या गिऱ्हाइकांना ‘सोबत काय आणावे’ म्हणून ज्या याद्या धाडतात, त्या मात्र मी आवडीने वाचतो. माणूस आत्मचरित्रात उघडा पडत नाही इतका कपड्यांच्या यादीत पडतो.

यादीतली पहिली ओळ साधारण अशी असते : शर्ट तीन, पँटी तीन. बस्स. एका रानम्हशीमागे लाखो रुपये मोजणाऱ्या माणसाला कंपनी सांगते की, बाबा रे, एक अंगावर, एक दांडीवर आणि एक पिशवीत. आमच्या आजोबांनी उभा जन्म याच हिशेबात काढला, फरक इतकाच की त्यांना त्यासाठी कोणी बिल लावलं नाही.

हे जमतं, कारण तळावर कपडे रोज धुतले जातात. धुतले जातात आणि धुतलेल्या प्रत्येक कपड्याला इस्त्री होते. अगदी प्रत्येक. शर्ट-पँटीला तर होतेच, पण पायमोज्यांना होते, बनियनला होते, नाडीलाही सुटका नाही. नवखा पाहुणा मनातून सुखावतो. आपल्याकडे इस्त्रीचं बनियन एक तर नवरदेवाला मिळतं किंवा निवृत्त कर्नलला. दोन दिवस तो त्या कडक पायमोज्यांकडे कौतुकाने बघतो आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याला कारण सांगतं. त्या भागात एक माशी असते. तिला मँगो फ्लाय म्हणतात, दक्षिणेकडे पुत्झी म्हणतात. सावलीत वाळत घातलेला ओलसर कपडा दिसला की ती त्यात अंडी घालते. कपडा अंगावर चढला की अळी कातडीत शिरते, गळू आल्यासारखं दिसतं आणि गळवात भाडेकरू असतो. इस्त्रीच्या उष्णतेने अंडी मरतात. म्हणून रानात, निखाऱ्यांच्या जड इस्त्रीने, माणसं पायमोजे भाजत बसलेली असतात. त्यानंतर पाहुणा इस्त्रीवाल्याला रोज ‘गुड मॉर्निंग’ म्हणायला लागतो.

आता यातली ग्यानबाची मेख. कित्येक तळांवर चड्ड्या मात्र धुवायला टाकायच्या नाहीत असा शिरस्ता असतो. तंबूत साबणाची पूड ठेवलेली असते, ज्याच्या त्याने धुवाव्यात. म्हणजे ज्या कपड्यावर अळी सर्वांत महागात पडेल, तोच कपडा पाहुण्याच्या स्वतःच्या अक्कलहुशारीवर सोडलेला. मग दिवसभर म्हशींच्या मागावर फिरलेला कुठल्यातरी कंपनीचा अध्यक्ष संध्याकाळी जाळी लावलेल्या तंबूत उकिडवा बसतो, चड्डी पिळतो आणि ती बाहेरच्या फांदीवर न टाकता आतच वाळत घालून तिच्यावर पहारा देतो. शिकारीच्या पुस्तकांत हे प्रकरण कुठेच का येत नाही, याचं मला नवल वाटतं. सिंहासमोर उभं राहण्यापेक्षा याला धीर जास्त लागत असावा.

पुढची ओळ रंगाची. खाकी, मातकट, शेवाळी. एवढेच रंग का, याचं उत्तर हरणाच्या डोळ्यांत आहे. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, हरणा-काळविटांच्या डोळ्यांत दोनच. त्यांना तांबड्या-हिरव्यातला फरक कळत नाही, निळा मात्र चांगला कळतो. त्यामुळे जीन्स बाद. आणि गंमत इथे थांबत नाही. कपडा पांढराशुभ्र दिसावा म्हणून धुण्याच्या पावडरीत जे रसायन घालतात, ते अतिनील किरण गिळून निळसर उजेड बाहेर टाकतं. म्हणून मुरलेले शिकारी कपडे साध्या साबणाने धुतात. आमच्याकडे कॉलर चमकली नाही तर घराची अब्रू जाते, तिथे चमकली तर हरीण जातं.

वाघाला हे शहाणपण केव्हाच आलेलं आहे. इतका भडक केशरी अंगरखा घालून हा प्राणी रानात लपतो कसा, असं लहानपणी मला वाटायचं. हरणाला तो केशरी दिसतच नाही, गवताच्या रंगात गवताच्या रंगाचं काहीतरी दिसतं आणि पुढचं दिसायला हरीण उरत नाही. आता योगायोग बघा. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत शिकाऱ्यांना कायद्याने भडक केशरी बंडी घालावी लागते. म्हणजे वाघाचा आणि अमेरिकन शिकाऱ्याचा रंग जवळपास एकच. वाघाने तो सावजाला दिसू नये म्हणून घातलेला आहे, शिकाऱ्याने तो दुसऱ्या शिकाऱ्याला दिसावा म्हणून.

आणि एवढं करून तो दिसेलच असं नाही. ११ फेब्रुवारी २००६ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी टेक्ससमध्ये लावे पक्षी मारायला गेले आणि त्यांच्या बंदुकीचे छर्रे त्यांच्या ७८ वर्षांच्या वकील मित्राच्या तोंडावर, मानेवर आणि छातीवर बसले. मित्राच्या अंगावर रीतसर केशरी बंडी होती. मित्र वाचले. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर त्यांनी, या प्रकाराने उपराष्ट्राध्यक्षांना आणि त्यांच्या घरच्यांना जो मनस्ताप झाला त्याबद्दल खेद व्यक्त केला. जगातल्या कुठल्याही पोशाखाने ही सभ्यता साधणार नाही.

आफ्रिकेत निळ्याचं आणखी एक वाकडं आहे. त्सेत्से नावाची चावरी माशी, जिच्यामुळे निद्रारोग पसरतो, ती निळ्या आणि काळ्या रंगाकडे ओढली जाते. इतकी, की तिला पकडायचे सापळेच निळ्या-काळ्या कापडाचे करतात. निळा शर्ट आणि काळी पँट ही आपल्याकडची मुलाखतीला जायची वेशभूषा. ती घालून गेलेला उमेदवार त्सेत्सेकडून पहिल्या फेरीतच निवडला जाईल.

मग वाटतं, सरळ लष्करी छापाचं, हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचं कापड घ्यावं, दिसायलाही रुबाबदार. तर झिम्बाब्वे आणि झांबियात साध्या नागरिकाने ते घालायला बंदी आहे. पाच हजार मैल उडून आलेला मर्दगडी विमानतळावरच पँट उतरवून देतो आणि त्याचा पहिला सामना सीमाशुल्क अधिकाऱ्याशी होतो.

आवाजाविषयी यादीत एकच वाक्य असतं, पण ते लाखाचं आहे : कापड वाजता कामा नये. नायलॉनची पँट चालताना मांडीला मांडी घासून जो आवाज करते तो माणसाला ऐकू येत नाही, कुडू हरणाला येतो. आणि खिशाची चिकटपट्टी फर्रकन उघडणं म्हणजे नाटकाच्या ऐन गंभीर प्रसंगात तिसऱ्या रांगेतून वेफर्सचं पाकीट फाडणं. नाटकात निदान नट पळून जात नाही.

हे सगळं तसं शहाणपणाचं आहे. हा शहाणपणा आला मात्र फार उशिरा. त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं गोऱ्या साहेबाने उन्हाच्या नावाखाली स्वतःच्या अंगावर जे काही चढवलं, त्याला तोड नाही. साहेबाची पक्की समजूत होती की, उष्ण कटिबंधातल्या उन्हात काही खास किरण असतात, ते कवटी आणि पाठीचा कणा भेदून आत शिरतात आणि गोऱ्या माणसाचं डोकं फिरवतात. नेटिवाचं डोकं फिरत नाही, कारण ते मुळातच... असो. या किरणांसाठी सोलर टोपी आली. ती उन्हासाठी म्हणून सोलर नव्हे. शोला नावाच्या दलदलीतल्या झाडाच्या भेंडापासून ती करतात, म्हणून सोला टोपी. बंगाली नवरदेवाचा मुकुटही याच भेंडाचा. म्हणजे त्या झाडाने दोन्हीकडे संकटाकडे निघालेल्या पुरुषांचीच डोकी झाकली.

डोकं झाकलं तरी कणा उघडाच. त्यासाठी शर्टाच्या पाठीवर बटणांनी बसवायची एक कापूस भरलेली पट्टी निघाली. उन्हाने भाजू नये म्हणून पाठीवर गादी बांधून फिरायचं! काहींना एका टोपीचा भरवसा वाटेना, त्यांच्यासाठी ‘डबल तराई’ निघाली : फेल्टच्या एका टोपीवर दुसरी टोपी. एकावर एक टोप्या घालणारा माणूस मी तोवर फक्त टोप्या विकणाऱ्याच्या गोष्टीत पाहिला होता. कळस केला तो अमेरिकन सैन्याने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलिपिन्समध्ये त्यांनी सैनिकांच्या एका गटाला केशरी-तांबडी अंतर्वस्त्रं घालायला दिली. हे वाईट किरण तांबड्या कापडाने अडतील, हा विचार. बरेच महिने प्रयोग चालला, मोजमापं झाली, आणि निष्कर्ष निघाला की याचा काही एक उपयोग नाही, उलट माणसांना जास्त उकडतं. हे त्या सैनिकांना पहिल्या दुपारीच कळलं असणार, पण सैनिकांना विचारण्याची पद्धत कुठल्याच सैन्यात नाही.

आणि हे सगळं चाललेलं असताना साहेबाच्या पुढे कोण चालत होतं? हमाल. साठ पौंडांचं, म्हणजे सुमारे सत्तावीस किलोंचं ओझं डोक्यावर घेऊन, पुष्कळदा अनवाणी, कण्यावर काहीही न बांधता, त्याच किरणांतून. हजारो मैल. त्यांची डोकी ठिकाणावर होती. मागून येणारा दोन टोप्यांचा माणूस ते रोज बघत होता आणि तरीही त्याला शंका आली नाही. दुसऱ्या महायुद्धात सैनिक साध्या टोपीने, कित्येकदा उघड्या डोक्याने उन्हात लढले, कोणी वेडा झाला नाही, आणि मग ही भेंडाची टोपी हळूच खुंटीला गेली.

या वेडात एक माणूस बऱ्यापैकी शुद्धीवर होता : थिओडोर रूझवेल्ट. मार्च १९०९ मध्ये अमेरिकेचं अध्यक्षपद सोडल्यावर तिसऱ्याच आठवड्यात तो मुलाला, कर्मिटला, घेऊन पूर्व आफ्रिकेला निघाला. निवृत्तीनंतर काय करावं या प्रश्नाला आपल्याकडे सकाळचं फिरणं आणि दासबोध अशी उत्तरं आहेत. त्याने आणि पोराने मिळून ५१२ जनावरं मारली, बापाने २९६, मुलाने २१६. स्मिथसोनियन संग्रहालयासाठी, असं कारण होतं. कारण मोठं होतं, आकडा त्याहून मोठा होता. पण कपड्यांपुरतं बोलायचं तर गडी व्यवहारी. खाकी पँटीला गुडघ्यांवर चामडं लावून घेतलेलं, कारण शिकाऱ्याचा निम्मा दिवस रांगण्यात जातो. पँटीचे पाय गुडघ्याखाली बटणांनी आवळलेले, म्हणजे वर वेगळे पट्टे गुंडाळायला नकोत. अंगात साधा लष्करी शर्ट. टोपीच्या बाबतीत मात्र तोही नमला. त्याची आवड साध्या मऊ टोपीची, पण तिथल्या लोकांनी इतकं घाबरवलं की त्याने शिरस्त्राण घातलं. पाचशेबारा जनावरांपुढे न डगमगलेला माणूस ‘ऊन लागेल हो’ एवढ्यावर गप्प बसला.

त्या सफारीत सगळ्यांत व्यवहार्य पोशाख माझ्या मते पुस्तकांनी केला होता. रूझवेल्टने सोबत साठेक पुस्तकं नेली होती आणि ती सगळी डुकराच्या चामड्यात बांधून घेतली होती. घाम, रक्त, धूळ, बंदुकीचं तेल, राख, काहीही लागलं तरी चामडं फक्त मुरत गेलं. पेटीचं वजन साठ पौंडांच्या आत, म्हणजे बरोबर एका हमालाचं ओझं. या मोहिमेचं सामानसुमान पुरवणाऱ्यांत न्यूयॉर्कचं अबरक्रॉम्बी अँड फिच हे दुकान होतं. त्याच नावाच्या दुकानांत आज पोरं जीन्स घेतात.

आजच्या शिकारीतही खरी गंमत आहे ती गिऱ्हाईक आणि वाटाड्या यांच्या जोडीची. गिऱ्हाईक येतो तो नखशिखांत खाकी, कोऱ्या घडीचा, अठरा खिशांचा. कुठल्या खिशात काय ठेवलंय हे आठवेपर्यंत जनावर तीन मैल गेलेलं. आणि त्याला शिकार घडवणारा व्यावसायिक शिकारी? आखूड चड्डी, विटका शर्ट, पायात मऊ चामड्याचे बूट, बहुधा मोज्यांशिवाय. दंवाने भिजलेल्या गवतातून गेलं की पँट तासभर ओली राहते, पिंढरी दोन मिनिटांत वाळते. काट्यांनी ओरखडे येतात, पण कातडीचा आवाज होत नाही. त्याच्याही पुढे माग काढणारा स्थानिक माणूस असतो. त्याच्या पायात पूर्व आफ्रिकेत बऱ्याचदा मोटारीच्या जुन्या टायरच्या चपला असतात. त्या बाभळीच्या काट्याला दाद देत नाहीत. जो जितका पुढे, त्याचे कपडे तितके जुने. आपल्याकडे जिम कॉर्बेट नरभक्षक वाघांच्या मागे कुमाऊंच्या डोंगरांत हिंडला तो पातळ रबरी तळाच्या बुटांनी, कारण पायाखालची काटकी मोडण्याआधी पायाला कळली पाहिजे.

एवढा इतिहास सांगायचं कारण असं की, या पोशाखाचा शेवट आपल्या घरी झालेला आहे. चार खिसे, खांद्यावर पट्ट्या, कमरेला पट्टा असा तो शिकारी बुशकोट १९६८ मध्ये इव्ह सँ लोराँने पॅरिसच्या फॅशनमध्ये आणला, रॉजर मूरच्या जेम्स बाँडने सत्तरच्या दशकात अंगावर चढवला आणि तिथून तो जो निघाला तो थेट आमच्या मामांच्या लग्नातल्या आहेरात येऊन पडला. सफारीचा पीस! सत्तर-ऐंशीच्या दशकात जावयाला, व्याह्याला, बदली झालेल्या साहेबाला द्यायची एकच वस्तू होती. सुती कापडाचा सगळा शहाणपणा टाकून तो टेरीकॉटमध्ये आला. उन्हासाठी जन्मलेल्या पोशाखातून वारा आत शिरायची सोयच काढून टाकली. रंग मातीचा नव्हे, वीटकरी, राखी किंवा मोरपंखी. हरीण हसून मेलं असतं.

“मास्तर, खिसे चार हवेत,” असं मामांनी शिंप्याला बजावल्याचं मला पक्कं आठवतं.

“अहो, चारात काय ठेवणार?” मास्तरांनी विचारलं.

“ते मी बघतो.”

आणि त्यांनी बघितलं. काडतुसांच्या जागी पेन आलं, चष्म्याचं घर आलं, एस.टी.चा पास, तंबाखूची डबी, लाइट बिल आणि ‘येताना आण’ म्हणून मामींनी दिलेली यादी. रूझवेल्टने इतका माल दोनशेहून जास्त हमालांवर लादला होता, मामा तो छातीवर वागवत. त्या पोशाखाने त्यांनी आयुष्यात एकच शिकार केली, ती म्हणजे कोकणच्या गाडीत खिडकीची जागा. पण ती मे महिन्यात, दोन मुलं आणि आंब्याची पेटी सांभाळून केली. शूर कोण, हे ज्याने त्याने ठरवावं.

आता मामांची पिढी गेली आणि सफारीही गेली. उरली ती एकाच जमातीत. मंत्र्यांच्या मागेपुढे साध्या वेशातले जे सुरक्षारक्षक असतात ना, त्यांच्या अंगावर ती अजून आहे, कारण कमरेचं पिस्तूल झाकायला सैल, अर्ध्या बाह्यांचा बुशकोट सोयीचा पडतो. वेश इतका साधा की शंभर पावलांवरून शेंबडं पोरही ओळखतं. पण पोशाखाच्या बाजूने सांगायचं तर, सफारी घालून खरोखर शस्त्र बाळगणारी माणसं भारतात एवढीच.

बाकीचे आपण आता जातो ते ताडोब्याला, पेंचला, कॅमेरा घेऊन. तिथेही पहाटे फाटकावर बघावं तर अर्धी गर्दी लष्करी छापाच्या कापडात दडलेली. कोणापासून दडलेली, हे कळत नाही. उघडी जिप्सी, तिचं इंजिन, आत सहा माणसं, आणि वाघ रस्त्यावरून आपल्याला ओलांडून जाताना मानसुद्धा वळवत नाही. त्याला आपण कापडासकट रोज दोनदा दिसतो.

तेव्हा थंडीत जाणार असाल तर कानटोपी आणि जाड स्वेटर न्या, उघड्या गाडीतली पहाट हाडं गोठवते. मे महिन्यात जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि नागपूरकर बांधतात तसा डोक्याभोवती दुपट्टा, दुसरं काही नको. दुकानात जाऊ नका. भांडीवालीसाठी जुन्या कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं असेल तर तेवढं सोडा, विटका, मऊ, न वाजणारा, मातीच्या रंगाला आलेला शर्ट त्यात नक्की सापडेल. त्याच्या बदल्यात ती फार तर एक छोटं पातेलं देणार होती.